भाता कोणाच्या हातात होता

माझ्या बायकोच्या पेटीला कडी कोणाची लागणार, या एका प्रश्नापायी मी अख्खा पावसाळा जळत काढला. लोक जमिनीवरून जळतात, बढतीवरून जळतात, मी वीतभर लोखंडी कडीवरून जळलो. इतक्या वर्षांनी असल्या गोष्टींचं हसू येतं असं म्हणायची पद्धत आहे. मला येत नाही.

आधी मी कोण ते सांगतो. पिंपरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये मी पंचवीस वर्षं काढली. टूलरूम म्हणजे कारखान्यातलं देवघर, असं आम्हीच म्हणायचो, बाकी कोणी म्हणत नसे. तिथे डाय, म्हणजे सुटे भाग काढायचे साचे, बनायच्या, आणि डायमध्ये केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी चूक चालत नसे. मग देशाने दारं उघडली आणि त्या दारातून आमच्याकडे कॉम्प्युटरवर चालणारं एक मशीन आलं. मी आठ दिवस घासून जे करायचो ते काम हे मशीन दुपारच्या चहाच्या आत उरकायचं, आणि चहाही मागायचं नाही. पहिल्या मशीनचा मला राग आला, दुसऱ्याचा हेवा वाटला, आणि तिसरं आलं तेव्हा मी स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही केली. स्वेच्छा नक्की कोणाची, हे अर्जात विचारलेलं नव्हतं.

विश्रांतवाडीत आमचं छोटं घर आहे. खाली आम्ही दोघं, वरच्या खोलीत भाडेकरू. बायको शाळेत शिक्षिका, ती सकाळी जायची ती दुपारनंतर यायची. मी पहाटे पाचला सवयीने उठून बसायचो आणि मग बसूनच राहायचो. एक दिवस बागेतली पहार बोथट झाली म्हणून ती घेऊन येरवड्याला गेलो. तिथे रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली एक म्हातारा लोहार बसायचा. पाथरवटांच्या छिन्न्या, गवंड्यांच्या पहारी, असली कामं करायचा. त्याने माझी पहार तापवली, काही न मोजता दहा-बारा घाव घातले आणि टोक काढून दिलं. घरी आल्यावर मी ते गुपचूप व्हर्नियरने मोजलं. टोक बरोबर मध्यावर होतं. माझी त्या दिवशीची दुपारची झोप गेली.

दुसऱ्या दिवशी मी परत गेलो. मग जातच राहिलो. सहा वर्षं त्याच्या दुकानात एका उपड्या पत्र्याच्या डब्यावर बसून मी लोहारकाम शिकलो. शिकलो म्हणजे, त्याने बघू दिलं आणि अधूनमधून हातोडा हातात दिला. शाबासकी द्यायची त्याला सवय नव्हती. काम चुकलं की "हां साहेब," आणि जमलं की तेही "हां साहेब." एक नियम मात्र त्याने पहिल्याच दिवशी सांगितला होता. "भाता ज्याच्या हातात, लोखंडावर डोळा त्याचा." चामड्याचा भाता केव्हाच गेला होता, त्याच्याकडे दांडी फिरवून चालणारा लोखंडी पंखा होता. पण तो त्याला भाताच म्हणायचा. हा पंखा फिरवणारा थांबला की कोळसा दोन-तीन मिनिटांत मंदावतो. मग लोखंड त्यात तासभर विसरलं तरी त्याचं काही बिघडत नाही. लोखंड जळतं ते फक्त कोणी तरी पंखा फिरवत राहिलं तर. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढे मी घरामागेही भट्टी केली. ट्रकच्या ब्रेकचा जुना ड्रम आणि हाताचा पंखा जुन्या बाजारातून आणला, ऐरण म्हणून रुळाचा हातभर तुकडा मिळवला. बायको या सगळ्याला "तुमचा धूर" म्हणायची. "अहो, तुमचा धूर आटपला की भाजी आणायची आहे."

ती लग्न होऊन आली ती पत्र्याची ट्रंक घेऊन. त्या ट्रंकेने पुढे तिच्या दोन चांगल्या साड्यांना गंजाचे डाग पाडले. लाकडी पेटी हवी, हे ती पंचवीस वर्षं म्हणत होती आणि मी "बघू" म्हणत होतो. शेवटी तिने स्वतःच भवानी पेठेतल्या एका सुताराला गाठून, जुन्या दारांच्या सागवानातून पेटी करायला टाकली, आणि एक दिवस चहा पिता पिता मला म्हणाली, "दसऱ्याला तयार होईल. बिजागऱ्या आणि कडी-कोयंडा तुम्ही करा. विकतच्या मला नकोत."

मी चहा तसाच ठेवला. कारखान्यात मी जे बनवायचो ते तिला कधी दाखवता आलं नव्हतं. डाय काही डब्यातून घरी आणता येत नाही. तिने माझ्याकडे, माझ्या हातचं म्हणून मागितलेली ही पहिली वस्तू होती.

याच सुमारास वरच्या खोलीत नवा भाडेकरू आला. अकोल्याकडचा, तिशीतला, येरवड्यापलीकडच्या एका काचेच्या इमारतीत सॉफ्टवेअरचं काम करणारा. बिनलग्नाचा. पहिल्याच रविवारी गच्चीतून वाकून त्याने मला हाक मारली. "काका, काय करून राह्यले तुम्ही?"

"पोळ्या," मी म्हटलं.

तो मनापासून हसला आणि खाली आला. पुण्यात असल्या उत्तरावर माणूस परत वर जातो. याला ती रीत माहीतच नव्हती. तो माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि लोखंड लाल होताना असा बघत राहिला, की मला माझाच येरवड्यातला पहिला दिवस आठवला. तेव्हा मला तो आवडला, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. मीच त्याला पंख्यावर बसवलं. मीच त्याला रंग शिकवले: काळपट लाल, लाल, नारिंगी, पिवळा, आणि पांढऱ्याच्या आधी थांबायचं. भात्याचा नियमही त्याला मीच सांगितला. माझाच असल्यासारखा सांगितला.

दर रविवारी तो येऊ लागला. ऑफिसातून इंटरनेटवरची पानं छापून आणायचा. त्यात परदेशातले दाढीवाले लोक चामड्याचे एप्रन घालून हातोडे मारताना दिसायचे. "काका, हे बघा, हे लोक हॉबी म्हणून करते, वीकेंडला." मीही तेच करत होतो, पण माझं छापून आलेलं नव्हतं. हळूहळू बायको रविवारी थालीपिठं लावू लागली. पहिलं गरम थालीपीठ कोणाच्या ताटात पडतं, हे मी पूर्वी कधी बघत नसे. आता बघू लागलो.

माझ्या बिजागऱ्या तोवर होत आल्या होत्या. लोखंडाची पट्टी ओढायची, टोक वळवून नळी करायची, दोन पट्ट्या एकमेकींत अडकवून मधून खिळा घालायचा, हे घडवायचं काम मी चार रविवारांत केलं. मग पुढचे वीस दिवस मी त्या कानशीने घासल्या. ऐरणीवरचा प्रत्येक घाव पट्टीवर उथळ खळगा सोडतो, आणि टूलरूमच्या माणसाला खळगा दिसला की खाल्लेलं अन्न गोड लागत नाही. घासलं, पॉलिश पेपर मारला, मोजलं, परत घासलं. दोन्ही बिजागऱ्यांच्या चारही पट्ट्यांच्या जाडीत फरक शून्य. मग तेलाचा हात देऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून मी त्या टेबलावर ठेवल्या आणि पेपर वाचत असल्यासारखा बसून राहिलो.

ती शाळेतून आली. पर्स ठेवली, पुडी सोडली, बघितलं.

"आणल्यात वाटतं शेवटी," ती म्हणाली. "बरं केलंत. बोहरी आळीतून का? उगाच किती दिवस त्या धुरात बसायचं!"

आणि चहा टाकायला आत गेली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी परतवला असता. ती माझी समजूत घालत होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला खरं सांगितलं, तेव्हा ती बिचारी ओशाळली. "अगं बाई! छानच आहेत हो," ती म्हणाली. "अगदी विकतच्यासारख्या आहेत."

त्याच आठवड्यात आमच्या सॉफ्टवेअरवाल्याने कडी घडवायला घेतली होती. मी म्हटलं होतं, करून बघ, सरावाला बरी. चपट्या सळीला खालच्या टोकाशी पिंपळपानाचा आकार द्यायचा, मध्ये कोयंड्यासाठी खाच पाडायची, वरचं टोक गोल वळवायचं. त्याची दोन पानं फुकट गेली. तिसरं जमलं. जमलं म्हणजे, एका बाजूला झुकलं होतं, कारण गडी डाव्या अंगाला जास्त मारतो. छिन्नीने काढलेल्या शिरा सारख्या अंतरावर नव्हत्या. घाव न् घाव दिसत होता. टूलरूममध्ये मी असं काही सुपरवायझरपुढे ठेवलं असतं तर त्याने मला ते घरी नेऊन कुत्र्याच्या गळ्यात बांधायला सांगितलं असतं.

बायकोने ते हातात घेतलं आणि पानावरून अंगठा फिरवला. मग परत फिरवला. "हे बघा, इथे घाव बसलाय, इथे बसलाय. बोटाने मोजता येतात." कोणासाठी तरी काही घडवलंय हे कळतं, असंही ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माझ्या पेटीला हीच कडी लावायची."

"ती अजून पुरी नाही," मी म्हटलं. "वरचं टोक वळवायचंय."

"मग करा पुरी. दोघं मिळून करा."

दोघं मिळून! मी तिच्यासाठी वीस दिवस घासलं होतं आणि ती त्याच्या वेड्यावाकड्या पानावरून अंगठा फिरवत होती. घाव दिसू नये यात कौशल्य असतं, हे मी तिला सांगायला हवं होतं. पण बायकोला कौशल्य समजावून सांगायची वेळ आली म्हणजे ते गेलंच की.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गिळलं असतं. पण एका सकाळी हा गडी ऑफिसला जाता जाता ती कडी घेऊन येरवड्याला लोहाराकडे थांबला. त्याआधी दोनदा मीच त्याला तिथे नेलं होतं. मी तिथे माझ्या डब्यावर बसलोच होतो. म्हाताऱ्याने पान उलटंसुलटं केलं, उजेडात धरलं, आणि म्हणाला, "हात हाय लेका तुला."

लेका! सहा वर्षं मी साहेब होतो. साहेब म्हणजे पाट मांडून, पाणी देऊन लांब बसवलेला पाहुणा. हा तिसऱ्या भेटीत लेका झाला. आणि हात! माझ्या हाताबद्दल म्हातारा सहा वर्षांत एक अक्षर बोलला नव्हता. मी घरी येईपर्यंत रिक्षात एकटाच पुटपुटत होतो. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, "काय म्हणालात?"

त्या आठवड्यात मी एक गोष्ट केली ती सांगायची लाज वाटते, तरी सांगतो. माझी घासून आरसा केलेली एक बिजागरी काढली, थंडच ऐरणीवर ठेवली, आणि गोल तोंडाच्या हातोडीने तिच्यावर खळगे पाडले. हाताने केल्यासारखी दिसावी म्हणून. हाताने केलेली बिजागरी हाताने केल्यासारखी दिसावी, म्हणून! त्यातही माझी खोड गेली नाही. खळगे मी सारख्या अंतरावर पाडले, आधी पेन्सिलने खुणा करून. मग ती म्हाताऱ्याला दाखवायला नेली.

त्याने बराच वेळ बघितलं. "साहेब," तो म्हणाला, "हिला देवी आल्या का?"

मी ती परत घासून गुळगुळीत केली. आणखी चार दिवस गेले.

आणि मग श्रावणातला तो रविवार. गड्याचं अमेरिकेला जायचं ठरलं होतं, कंपनी वर्ष-दोन वर्षांसाठी पाठवत होती, दहा दिवसांवर विमान होतं. त्याचाही मला हेवा वाटला होता, पण तो किरकोळ, सगळ्या गल्लीला वाटला तेवढाच. कडीचं वरचं टोक वळवायचं राहिलं होतं, ते त्या दिवशी करायचं. बाहेर भुरभुर पाऊस होता, भट्टीवर पत्रा होता. बायको स्वयंपाकघरात भजी तळत होती, स्वयंपाकघराची खिडकी मागेच उघडते. गड्याने पान बाहेर ठेवून वरचं टोक कोळशात सरकवलं. पंख्याची दांडी माझ्या हातात होती.

त्याचा मोबाइल वाजला. आमच्या मागच्या बाजूला रेंज येत नसे, म्हणून तो उठून पुढे फाटकाशी गेला. जाताना म्हणाला, "काका, बघा हं जरा."

मी बघत होतो. फार नीट बघत होतो. टोक लाल झालं, नारिंगी झालं. आता खरं तर ते वळवायची वेळ होती. फाटकाशी त्याचं इंग्रजी चाललं होतं. टोक पिवळं झालं. थांबायचं म्हणजे काही करायचं नव्हतं, हातच तर थांबवायचा होता. या कामात त्याहून सोपं काम नाही. मी हात थांबवला नाही. पिवळं फिकट होत होत पांढरं झालं, आणि कोळशातून फुलबाजीसारख्या बारीक ठिणग्या उडायला लागल्या. लोखंड जळतं तेव्हाच अशा ठिणग्या उडतात. मी आणखी पाच-सहा वेळा दांडी फिरवली. मग सोडली.

तो आला, सांडशीने कडी ओढली. पान ठीक होतं, पण वरचं बोटभर टोक गेलं होतं. उरलेलं कुरतडल्यासारखं, भोकाभोकांचं झालं होतं. त्याने आधी कडीकडे बघितलं, मग पंख्याकडे. माझ्याकडे बघितलं नाही.

"माझीच चूक आहे काका," तो म्हणाला. "फोन घ्यायलाच नव्हता पाहिजे मी."

बायको झारा हातात घेऊन दारात आली. "काय झालं?"

"काकू, जाळली ना मी कडी. सॉरी हो."

तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "असू दे," म्हणाली, "भजी गार होतायत." आणि आत गेली.

दहा दिवसांत नवी कडी करणं त्याला शक्य नव्हतं, ऑफिसच सुटत नव्हतं. मला शक्य होतं. मी चार दिवसांत कडी केली. सरळ, गुळगुळीत, मध्यावर मध्य. तो निघाला त्या दिवशी बायकोने त्याला डबाभर चकल्या दिल्या आणि डोळे पुसले. त्याने वाकून मला नमस्कार केला. मी त्याच्या पाठीवर ठेवला तो उजवा हात, पंख्याचा. "सुखी राहा," असं म्हटलं. आवाज नीट फुटला नाही, तर त्याला वाटलं मला गहिवरून आलंय.

पेटी आली. बिजागऱ्या माझ्या, कडी माझी, कोयंडा माझा. मी जिंकलो होतो. बायको पेटी उघडायची, मिटायची, "छान बसलीये हो कडी" म्हणायची. ती सुताराशीही याच आवाजात बोलायची.

खंडेनवमीला दरवर्षी मी झेंडूची फुलं घेऊन म्हाताऱ्याकडे जायचो. त्या दिवशी हत्यारं पुजतात. भट्टी थंड असते, ऐरण धुतलेली असते, आणि कोणी लोखंडाला हात लावत नाही. त्या वर्षीही फळीवर ओळीने सगळं मांडलेलं होतं: घण, हातोडे, सांडश्या, छिन्न्या, सगळ्यांना हळदकुंकू. आणि ओळीच्या शेवटी ती कडी होती. पिंपळपान, वर जळकं टोक. तिलाही हळदकुंकू लावलेलं.

"जाताना ठिवून गेला," म्हातारा म्हणाला. "म्हणला, काकूची हाय, नीट हुईल का बघा. मी इचारलं, जळंस्तवर भाता कुणाच्या हातात व्हता? म्हणला, माझ्याच. म्हणलं लेका, आन् फोन कुणाच्या हातात व्हता?" तो स्वतःशीच हसला. "त्याला खोटं बी नीट बोलता येत न्हाय."

मी हातातली फुलं कुठे ठेवायची ते शोधत होतो.

"आज हत्यारं बसल्यात," तो म्हणाला. "दसरा झाला की या, साहेब."

दसऱ्याला बायकोने पेटीत साड्या भरल्या. सोनं द्यायला शेजारपाजारचे आले त्यांना पेटी दाखवली. शेजारीण म्हणाली, "कडी छान आहे. कुठून घेतली?" बायको म्हणाली, "यांनी केली." शेजारीण म्हणाली, "हो का?" आणि तो 'हो का' ऐकून मला काहीच वाटलं नाही, इतका मी त्या पूजेतल्या कडीशी अडकलो होतो.

दुसऱ्या दिवशी गेलो. म्हाताऱ्याने जळकं टोक छिन्नीने तोडून टाकलं, नव्या सळीचा तुकडा काढला, दोन्हींची टोकं तिरपी करून जोड धरावा म्हणून टाकणखार लावला. लोखंडाला लोखंड जोडायचं तर दोन्ही पांढऱ्यापर्यंत न्यावी लागतात, जळण्याच्या अगदी अलीकडे. एक क्षण कमी पडला तर जोड बसत नाही, एक क्षण जास्त झाला तर लोखंड गेलं.

मी हातोडा उचलला. त्याने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"भात्यावर तुमी बसा," तो म्हणाला.

मी बसलो. लाल, नारिंगी, पिवळं. म्हातारा कोळशाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला, तो पुसायलाही मी डोळा हलवला नाही. पिवळं फिकट झालं, पांढरं झालं, एक ठिणगी उडाली. मी हात थांबवला. त्याने दोन्ही तुकडे बाहेर ओढले, एकावर एक ठेवून हलका घाव घातला, मग जड. जोड बसला. मग त्यानेच टोक वळवलं, त्यानेच पाण्यात बुडवलं. माझा त्या कडीवर एकही घाव नाही.

"घ्या साहेब," तो म्हणाला. अजून साहेबच.

घरी आलो तेव्हा बायको वह्या तपासत होती. मी कडी तिच्यापुढे ठेवली. तिने पान लगेच ओळखलं. अंगठा आपोआप गेला. मग वर जोडापाशी आली, थांबली.

"हे?"

"येरवड्याला केलं. घाव म्हाताऱ्याचे."

"पान त्याचं, घाव त्यांचे. यात तुमचं काय?"

"पंखा मी फिरवला," मी म्हटलं.

तिने पेनाला टोपण लावलं.

"त्या दिवशीही तुम्हीच फिरवत होतात," ती म्हणाली. "तो फाटकाशी बोलत होता आणि मागे पंखा घरघरत होता. मी खिडकीत होते. म्हटलं आता थांबेल, मग थांबेल. भज्यांचा एक घाणा करपला माझा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलायचं कोणी होतं?"

मी स्क्रूड्रायव्हर आणला आणि माझी कडी काढून त्याची लावली. पान झुकलेलंच होतं, पेटीवर ते आणखी दिसत होतं. शोभतही होतं. काढलेली माझी कडी तिने पदराने पुसली. "ही विकतची मी आत ठेवून देते," म्हणाली आणि साड्यांच्या खाली, अगदी तळाशी ठेवली. मग म्हणाली, "आता त्याला फोन लावा. तिकडे सकाळ झाली असेल."

फोनच्या बूथवर गेलो. खूप वेळाने लागला. माझा आवाज ऐकताच तो ओरडला, "काका! काकूच्या पेटीला कडी लागली का हो?"

"लागली," मी म्हटलं. "तुझी लागली."

एवढं बोलतानाही मी जळलोच. तो तिकडे आनंदाने काहीबाही बोलत होता. मी म्हटलं, "थांब, ऐक आधी. त्या दिवशी पंखा..."

"राहू द्या ना काका," तो म्हणाला. "मला माहीत आहे. काकूला सांगू नका म्हणजे झालं."

मी फोन ठेवला. पान त्याचं, लेका तो, पहिलं थालीपीठ त्याचं, आणि आता पांघरूण घालणंही त्याचंच. घरापर्यंत चालत येताना मला त्याचा जेवढा हेवा वाटला, तेवढा त्याआधी कधीच वाटला नव्हता.